लहान मुलांच्या रिफ्रॅक्शनचं (चष्म्याचा नंबर काढण्याचं) ट्रेनिंग: वर्षभराची फेलोशिप जमत नसेल तर काय शिकून घ्यावं?

निपाणी_ऑप्टो: बी.ऑप्टम. (डोळे तपासणीची पदवी) झालंय. निपाणीत दुकान आणि आठवड्यातून दोन दिवस चिकोडीला नेत्रतज्ज्ञांच्या ओपीडीत काम. मोठ्यांचं रिफ्रॅक्शन जमतं, पण पाच वर्षांखालचं मूल आलं की ऑटोरेफ (आपोआप नंबर काढणारं मशीन) एक सांगतो, रेटिनोस्कोप (डोळ्यात दिवा टाकून नंबर काढायचं हातातलं यंत्र) दुसरंच. तक्त्याचा तर घोळच आहे. घरी मराठी, शाळा कन्नड, आणि बालवाडीतल्याला दोन्ही अक्षरं येत नाहीत. पीडियाट्रिकमध्ये कामापुरतं तयार व्हायचं तर नेमकं काय मागून घ्यावं?

स्ट्रीक_रेटिनो: रेटिनोस्कोपी, सर. बाकी सगळं नंतर. ऑटोरेफमधलं चित्र जवळ आहे हे मुलाला कळतं, ते फोकस करतं, आणि मशीन मायनस वाढवून दाखवतं. +3 चं मूल त्यात बिननंबरचं निघू शकतं.

फोकस थांबवणारे ड्रॉप डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरच घाला, पण कुठला किती चढतो हे तुम्हाला पाठ पाहिजे. सायक्लोपेंटोलेट 1% एक थेंब, गरज पडल्यास 5-10 मिनिटांनी दुसरा, तपासणी 30-45 मिनिटांनी. वर्षाखालच्या बाळाला 0.5%. फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना आधी विचारा. आपल्याकडची बुबुळं गडद, औषध चढायला वेळ लागतो. बाहुली मोठी झाली म्हणजे फोकस थांबला असं धरू नका. ट्रॉपिकामाइड-फेनिलेफ्रिनवर चष्मा काढायची सवय याच कारणासाठी वाईट.

डोळा आत वळत असेल तर बहुतेक डॉक्टर ॲट्रोपिन 1% मलम देतात. तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, तीन दिवस. तपासणीच्या सकाळी लावायचं नाही, नाहीतर मलमाच्या थरातून रिफ्लेक्स (बाहुलीतून परत येणारा उजेड) पुसट दिसतो. परिणाम 10-14 दिवस राहू शकतो, तेव्हा शाळेची परीक्षा बघूनच तारीख द्या. चेहरा लाल, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं की मलम बंद, लगेच डॉक्टर. घाम कमी येतो, त्यामुळे अथणी-रायबागच्या एप्रिल-मे उन्हात हे आईला दोनदा सांगा की.

आता चुका कुठे होतात ते. मूल आईच्या मांडीवर, तुम्ही नकळत 67 सेंमीवरून 50 वर सरकता आणि अंतरापोटी वजा मात्र 1.50 च करता. करायचं 2.00. अर्धा डायॉप्टर (नंबराचं एकक) प्लस जादा गेला. दुसरं, बाहुली मोठी असताना कडेचा रिफ्लेक्स वेगळा हलतो. मधले 3-4 मिमीच बघा. तिसरं, मूल तुमच्या दिव्याकडे बघत नसेल तर तिरपं बघून खोटा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) मिळतो. हातात लेन्सची पट्टी ठेवा, ट्रायल फ्रेमच्या नादी लागू नका.

खानापूर_व्हिजन: तक्त्याचं मी सांगते. अक्षरं सोडाच. कन्नड तक्त्यावरची 6/12 (निरोगी नजर 12 मीटरवरून वाचते ते 6 वरून वाचणं) आणि देवनागरीवरची 6/12 एकच, असंही मानू नका. लीया सिंबल्स वापरा: सफरचंद, घर, गोल, चौकोन, 3 मीटरवरून. मूल सफरचंदाला पेरू म्हणालं तरी चालतं, दर वेळी पेरूच म्हणालं पाहिजे. लाजत असेल तर हातात जुळवणीचं कार्ड द्या, बोट ठेवू दे. एकेक चित्र सुटं दाखवू नका, भोवती पट्ट्या असलेलं घ्या. मंद डोळा (चष्मा लावूनही नजर कमी असलेला) सुट्या चित्रावर उगाच चांगला वाचतो. एक ते तीन वर्षांना कार्डिफ कार्ड, म्हणजे मूल कुठे बघतं त्यावरून नजर मोजायची कार्डं.

डोळा झाकायला चिकटपट्टी. आईच्या तळहातातल्या फटीतून पोरं मजेत बघतात.

रेफर_करा: शिकायचं कुठे, तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद ही नावं माहीत आहेतच. छोट्या मुदतीचं काही आहे का, थेट विचारा. मात्र प्रमाणपत्रापेक्षा एक अट घाला: सायक्लोप्लेजियाखालची (औषधाने फोकस थांबवलेली) मुलं स्वतः बघायला मिळाली पाहिजेत आणि प्रत्येक आकडा वरिष्ठांनी तिथल्या तिथे तपासला पाहिजे. माझ्या मते शंभरेक मुलांशिवाय हात बसत नाही. नुसत्या स्लाइड दाखवणारा कोर्स असेल तर बसचं भाडं वाचवा.

आणि तिथे न थांबता पुढे पाठवायचं काय, तेही शिका. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी, कारण रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) नाकारता येईपर्यंत तो तोच धरायचा. 2000 ग्रॅमखालचं किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ असेल तर पडद्याची तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत, चष्म्याच्या दुकानात वाट बघत नाही.

निपाणी_ऑप्टो: मंद डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी कधी? चष्म्याबरोबरच?

खानापूर_व्हिजन: घाई नको. आधी पूर्ण वेळ चष्मा, सहा-आठ आठवड्यांनी बघा; नुसत्या चष्म्यानेही 16-18 आठवडे नजर वाढत राहू शकते. थांबली की पट्टी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. 6/12 ते 6/24 ला रोज 2 तास, 6/30 आणि त्याखाली 6 तास. पट्टी कातडीला चिकटवा, काचेवर नाही. दर भेटीला चांगला डोळाही मोजा, पट्टीने तोच मागे पडू शकतो.

स्ट्रीक_रेटिनो: दुकान तुमचंच आहे म्हणून एवढं: काच पॉलिकार्बोनेटची, फ्रेमला मागून पट्टा, आणि नाकाचा पूल चपट्या नाकावर बसणारा. फ्रेम घसरली की मूल काचेच्या वरून बघतं, आणि सगळा नंबर वाया. आत वळणाऱ्या डोळ्याला बायफोकल लिहून आलं तर खालच्या भागाची वरची कड बाहुलीच्या मधोमध आली पाहिजे, मोठ्यांसारखी खालच्या पापणीशी नाही.