तोतरं बोलणं: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

२२ ऑक्टोबर हा तोतरेपणाबद्दलच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९९८ पासून तो पाळतात. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण अडखळत बोलतो, म्हणजे आपल्या गोतावळ्यात कुणीतरी असणारच. त्यांनी इथे जरूर लिहावं.

सुरुवात मी करतो. घरी आईशी बोलताना माझी जीभ क्वचितच अडते. रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना मित्रांशी हिंदीत तासभर गप्पा होतात. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ओळख करून द्यायची वेळ आली की पहिलंच अक्षर घशात रुतून बसतं. इतर शब्द बदलता येतात, नाव कसं बदलणार? मग कुणीतरी म्हणतं, 'काल तर धडाधड बोलत होतास!' अडखळण्यापेक्षा हे जास्त लागतं. मी नाटक करत नाही हो. तोतरेपणा असाच असतो, माणूस आणि प्रसंग बघून कमी-जास्त होणारा.

रामबागहून, शिक्षिका: अगदी खरं. गणपतीत आरती, अथर्वशीर्ष सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणते. सोबतीनं म्हटलं की बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं, गातानाही तसंच. वर्गात मुलांसमोरही फारसा त्रास नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत मात्र साधी रजा मागता येत नाही, अर्ज लिहून नेते.

माझ्या लग्नात उखाण्याची फार धास्ती होती. ओळी तालात होत्या, त्या सुरेख आल्या. यांच्या नावाशी येऊन थांबले ती थांबलेच. सगळ्या बायका 'घे ना, घे ना' करत होत्या, कुणाला वाटलं लाजतेय. यांनी मात्र नाव सुचवलं नाही, माझ्याकडे बघत शांत उभे राहिले. नाव मीच पूर्ण घेतलं. आमचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करू नये, एवढं जरी लोकांना कळलं तरी खूप आहे.

औषधाच्या दुकानातून: समोर गिऱ्हाईक असलं की चालतं. फोन नको. अडलो की पलीकडच्याला वाटतं लाइन गेली, आणि तो कट करतो.

सुदामानगरहून, एक आई: मुलगा साडेतीन वर्षांचा असताना सुरू झालं. घाबरला असेल म्हणून दृष्ट काढली, सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेवर लावलं. माया होती त्यात, राग नाही. पण हे भीतीनं होत नाही, आनुवंशिकतेचा आणि मेंदूतल्या वाचेच्या रचनेचा त्यात मोठा वाटा असतो, हे स्पीच थेरपिस्टनी समजावलं. या वयात सुरू झालेलं बऱ्याच मुलांचं सुटतं, याचं सुटलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून 'हळू बोल, श्वास घे' म्हणणं आम्ही बंद केलं. स्वतःच सावकाश बोलतो आणि त्याचं होईपर्यंत ऐकतो. मोत्याशी, म्हणजे आमच्या कुत्र्याशी, तो एकदाही न अडता बोलतो.

हजेरीला 'उपस्थित' म्हणताना तो रडवेला व्हायचा. बाईंना विचारलं, हात वर केला तर चालेल का? त्या लगेच हो म्हणाल्या. ज्यांच्या मुलांना हजेरीचा त्रास आहे, त्यांनी शाळेत विचारून बघा.