सोल्डर पॅडला धरतच नाही, गोळी होऊन पडतं, काय करू?

फोंडेकर
चवथीला मखराच्या मागे लायटिंग घरीच करायचं ठरवलंय. १२ व्होल्टचा अडॅप्टर, तीन-तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये आणि प्रत्येक ओळीला २२० ओहमचा रेझिस्टर, ब्रेडबोर्डवर (नुसतं खोचून बघायचा बोर्ड) मस्त पेटतंय. पण पीसीबीवर, म्हणजे तांब्याचे पॅड असलेल्या सर्किट बोर्डवर, लावायला गेलं की सोल्डर टिपेवर वितळतं, त्याची गोळी होते आणि टपकन खाली. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं साधं, टिप काळी पडलीय. टेंपरेचरवालं महागडं स्टेशन घ्यावंच लागेल का? आणि हार्डवेअरच्या दुकानात फ्लक्सची (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्याची) बाटली मिळते ती चालेल का?

वाळपई_वायरमन
स्टेशन नको, २५ वॅट भरपूर झालं. खरी अडचण त्या काळ्या टिपेची आहे, काळा थर उष्णता पुढे जाऊच देत नाही. आधी टिपेला लोहचुंबक लावून बघ. चिकटलं तर वर लोखंडाचा मुलामा आहे, तिला कानस किंवा पॉलिशपेपर अजिबात लावू नको, मुलामा गेला की टिप संपली. गरम करून पितळी चोथ्यात नाहीतर ओल्या स्पंजवर पुसायची आणि लगेच सोल्डर लावून चकचकीत करायची, काम संपवतानासुद्धा टिपेवर सोल्डर ठेवूनच बंद करायचं.

आता डाग कसा द्यायचा. टिपेवर सोल्डर वितळवून ते पॅडवर नेऊन ठेवतात तिथेच सगळं बिघडतं, कारण वायरच्या पोटातला फ्लक्स वाटेतच धूर होऊन जातो. टिप पॅड आणि एलईडीचा पाय दोघांना एकदम टेकव, एक-दोन सेकंद थांब, मग सोल्डर वायर समोरच्या बाजूने त्या सांध्याला लाव, टिपेला नाही. सांधा तापला असेल तर सोल्डर आपोआप पसरतं आणि पायाभोवती चढतं. आधी वायर काढायची, मग आयर्न, आणि थिजेपर्यंत एलईडी हलवायचा नाही.

वायर ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), रोझिन कोअरवाली, म्हणजे पोटात राळेचा फ्लक्स असलेली घे. ती १८३ डिग्रीला मऊ व्हायला लागते, लेड-फ्री म्हणजे बिनशिशाची साधारण २१७ ला, म्हणून शिकताना ६०/४० च बरी. फक्त तिच्यात शिसं असतं, काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं नाही. धूर फ्लक्सचा असतो, तोही नाकात जाऊ देऊ नको, खिडकी उघडी ठेव.

म्हापसेकार
ती बाटली घेऊ नकोस रे बाबा!! ते बहुतेक अ‍ॅसिड फ्लक्स असतं, पत्र्याच्या कामाचं. कल्हईवाला भांड्याला नवसागर लावतो, भांडं नंतर धुतलं जातं म्हणून चालतं, पण बोर्डावर तसलं काही राहिलं तर तांबं हिरवं पडून ट्रॅकच तुटतो. रोझिनवाली फ्लक्स पेस्ट माग.

आणि आपल्याकडे पावसात बिनमुलाम्याचा तांब्याचा बोर्ड उघडा ठेवला की पॅड लवकर काळपटतात, समुद्राजवळच्या घरात तर जास्तच. खोडरबराने घासून घे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूस, मग लगेच काम कर. उरलेले बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात.

फोंडेकर
देव बरें करूं दोघांनाही! टिप साफ केली आणि सोल्डर असं झरकन पसरलं की बघतच राहिलो. एक सांधा मात्र मळकट, खरखरीत दिसतोय, पेटतोय तरी. ठेवू तसाच?

वाळपई_वायरमन
नको, ६०/४० चा सांधा चकाकायला हवा. हा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा दिसतोय, थोडी पेस्ट लावून परत तापव. नाहीतर ऐन आरतीच्या वेळी बंद पडेल. आणि अडॅप्टर तयारच वापर, २३० व्होल्टच्या बाजूला सध्या हात घालू नको.