नसबंदीची नस पुन्हा जोडून घ्यायची आहे. आधी काय माहीत असावे?

प्रश्न : तेरणाकाठ, औसा तालुका

नमस्कार. मी शेतकरी असून माझे वय 41 आहे. 2013 साली धाकटी मुलगी झाल्यानंतर मी बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. पत्नीची दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली होती, अंगात रक्त कमी होते, म्हणून तिच्यावर तिसरी शस्त्रक्रिया नको असे मी ठरवले. गावात पुष्कळ बोलणी ऐकावी लागली, पण त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये ती कोरोनाने गेली. गेल्या वर्षी माझे दुसरे लग्न झाले. या पत्नीचे वय 33 असून तिचे हे पहिलेच लग्न आहे. नसबंदीची गोष्ट मी तिला लग्नाआधीच सांगितली होती. माझ्या मुलींना तिने जीव लावला आहे, तरी आपले एक मूल असावे असे तिला वाटते आणि ते मला रास्त वाटते.

एका दवाखान्यात सांगितले की नस जोडली की शंभर टक्के यश येते. दुसरीकडे सांगितले की दहा वर्षांनंतर जोडण्यात अर्थ नाही, थेट टेस्ट ट्यूब बेबी करा. यांतले खरे काय मानावे? शस्त्रक्रियेनंतर शेतीची कामे किती दिवस बंद ठेवावी लागतात? आणि पुरुषत्वावर काही परिणाम होतो का, हेही कृपया स्पष्ट सांगावे, कारण हा प्रश्न समोरासमोर विचारण्याचे मला धाडस झाले नाही.

उत्तर : निवृत्त मूत्ररोग शल्यचिकित्सक, छत्रपती संभाजीनगर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच मनात सर्वांत जास्त सलत असतो. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद केलेली असते. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जाते, त्या नळीतून नव्हे. त्यामुळे नसबंदीने ताकद जात नाही आणि नस जोडल्याने ती वाढतही नाही. वृषणात शुक्राणू इतकी वर्षे तयार होतच राहिले आहेत आणि शरीर ते शोषून घेत आले आहे.

आता यशाविषयी. आपल्याला ऐकवलेली दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. यश म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना आधी विचारावे. वीर्यात शुक्राणू पुन्हा दिसणे हे एक यश, आणि घरात पाळणा हलणे हे दुसरे. या दोहोंत मोठे अंतर आहे. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या 1469 शस्त्रक्रियांच्या अमेरिकी अभ्यासाचा आधार आम्ही अजूनही घेतो. नसबंदीला तीन वर्षे होण्याच्या आत नस जोडलेल्यांपैकी 97 टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू आले आणि 76 टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. 3 ते 8 वर्षांच्या गटात हे आकडे 88 आणि 53, 9 ते 14 वर्षांच्या गटात 79 आणि 44, तर 15 वर्षांपुढे 71 आणि 30 होते. आपण तिसऱ्या गटात येता. म्हणजे अर्थ नाही असे म्हणणे चुकीचे, आणि शंभर टक्के म्हणणे त्याहून चुकीचे.

वर्षे उलटली की यश का घटते, तेही समजून घ्यावे. नळी बंद असल्यामुळे मागे दाब साचतो. वृषणाला लागून अधिवृषण नावाचा अवयव असतो. त्यात सुमारे सहा मीटर लांबीची, अत्यंत बारीक नळी गुंडाळलेली असते. दाबाने ती कुठेतरी फुटते आणि तिथे दुसरा अडथळा तयार होतो. अशा वेळी पूर्वी कापलेली टोके कितीही नेटकी जोडली तरी उपयोग होत नाही, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कळते. वृषणाकडचे टोक कापल्यावर जो थेंब बाहेर येतो, तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थेंब पाण्यासारखा असेल किंवा त्यात शुक्राणू दिसले, तर नस नसेला जोडतात; तिला वासोव्हासोस्टॉमी म्हणतात. थेंब दाट, पांढरा, मलमासारखा निघाला आणि त्यात शुक्राणू नसले, तर नस थेट अधिवृषणाच्या नळीला जोडावी लागते. ही दुसरी शस्त्रक्रिया फार अवघड असून तिचे यशही कमी असते. म्हणून शल्यचिकित्सकांना पुढील प्रश्न अवश्य विचारावा : "टेबलावर दुसऱ्या प्रकारची गरज पडली तर ती आपण स्वतः, त्याच वेळी कराल का, आणि अशा किती केल्या आहेत?" या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

विश्रांती म्हणाल तर दोन-तीन दिवस पडून राहावे, तीन-चार आठवडे ओझे उचलू नये, फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल टाळावी. घट्ट लंगोट काही आठवडे सतत वापरावा. शरीरसंबंध किती आठवडे टाळायचे ते डॉक्टर सांगतील. साधारणपणे दोन ते चार आठवडे. शुक्राणू परत यायला काही महिने लागतात, आणि अधिवृषणाला जोड दिलेला असेल तर वर्षही लागू शकते. काहींचा जोड आतून व्रण धरून पुढे बंद पडतो. यासाठी शुक्राणू चांगले दिसू लागताच एखादा नमुना गोठवून ठेवण्याचा विचार करावा.

उत्तर : गोदाकाठ, परभणी जिल्हा

दादा, मी यातून दोनदा गेलो आहे. आमचा मुलगा शेततळ्यात बुडून गेला, आणि त्यानंतर वर्षभराने आम्ही नस जोडण्याचा निर्णय घेतला. नसबंदीला तेव्हा सहा वर्षे झाली होती. पहिल्या ठिकाणी पाऊण तासात शस्त्रक्रिया उरकली. तिथे सूक्ष्मदर्शक नव्हता, हे मला नंतर कळले, कारण विचारावे हेच ठाऊक नव्हते. नऊ महिने तपासण्या केल्या. प्रत्येक कागदावर एकच शब्द, निरंक.

दुसऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आपला धागा मला दाखवला. पांढऱ्या कागदावर ठेवला तरी तो मला दिसेना. कागद खिडकीकडे नेऊन तिरका धरला तेव्हा कुठे काळी रेघ चमकली. केसाहून बारीक. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल दिली होती, त्यामुळे मी जागा होतो. एका क्षणी खोली शांत झाली, डॉक्टर बराच वेळ यंत्रातून पाहत राहिले आणि म्हणाले, "आहेत, शेपट्या हलताहेत." ती शस्त्रक्रिया साडेतीन तास चालली. पुन्हा जोडताना यशाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा कमी असते, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की पहिली वेळच नीट जागी करावी, मग त्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला जावे लागले तरी चालेल.

दोन महिन्यांनी थोडे शुक्राणू दिसले, तेही न हलणारे. मी खचलो होतो. सहाव्या महिन्यात आकडा सुधारला आणि चौदाव्या महिन्यात पत्नीला दिवस गेले. वीर्याचा नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. गावाहून आणायचा असेल तर डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. मी पहिला नमुना मोटारसायकलच्या डिकीतून उन्हात नेला होता, आणि तो अहवाल ग्राह्य धरता आला नाही.

उत्तर : परिचारिका, बीड

वरील दोन्ही उत्तरांत ताईंचा उल्लेख कमी आला, म्हणून लिहिते. त्यांचे वय 33 आहे. नस जोडून शुक्राणू यायला सहा महिने ते वर्ष धरले, पुढे दिवस राहण्यासाठी आणखी वर्ष धरले, तर त्या पस्तिशी ओलांडतील, आणि त्या वयानंतर स्त्रीची बीजे झपाट्याने कमी होत जातात. आपल्या शस्त्रक्रियेवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी त्यांची एएमएच ही बीजांचा साठा किती उरला आहे ते सांगणारी रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे करून घ्यावा. नलिका बंद असतील तर आपली नस जोडून काहीही साधणार नाही. मग वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट बीजात सोडून केलेली टेस्ट ट्यूब बेबी, करणे हाच मार्ग उरतो. तो मार्ग लवकर फळ देऊ शकतो, पण त्यात रोजची इंजेक्शने आणि बीजे काढण्याचा त्रास ताईंच्या वाट्याला येतो, आणि प्रत्येक प्रयत्नाचा खर्च वेगळा असतो. नस जोडली तर त्रास आपल्या वाट्याला येतो. हे दोघांनी एकत्र बसून बोलावे, सासूबाईंनी किंवा भावकीने ठरवू नये.

आणखी एक गोष्ट लिहिण्यावाचून राहवत नाही. नस जोडायला येणाऱ्या काही जोडप्यांना मूल नको असते, मुलगा हवा असतो. 2011 च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. त्या आकड्यामागच्या बायका मी दवाखान्यात पाहिल्या आहेत. आपल्या प्रश्नात तसे काहीही नाही, उलट दोन मुलींच्या बापाने स्वतः नसबंदी करून घेतली याचा मला आदर वाटतो. परंतु नव्या मुलाविषयी घरातून तशी अपेक्षा येणार असेल, तर आपण आजच सर्वांना स्पष्ट बजावावे.

खर्चासाठी छत्रपती संभाजीनगर (घाटी रुग्णालय), लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आधी चौकशी करावी. तिथे "रिकॅनलायझेशन" हा शब्द वापरावा, म्हणजे लगेच समजते. 2013 चे नसबंदीचे प्रमाणपत्र असेल तर सोबत न्यावे.

तेरणाकाठ, औसा तालुका

आपणा तिघांचे मनापासून आभार. संध्याकाळी हे सर्व पत्नीला वाचून दाखवले. डिकीतील नमुन्याचे वाचताना तिला हसू आले, आणि शेततळ्याचे वाचून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. येत्या सोमवारी प्रथम तिच्या तपासण्या करायच्या असे ठरले आहे. माझी एक शंका उरली आहे : नस बंद असल्याचे ठाऊक असताना माझी वीर्यतपासणी आताच करून काही कळेल का? आणि मी दिवसातून तीन-चार वेळा तंबाखू खातो, त्याने फरक पडतो का?

निवृत्त मूत्ररोग शल्यचिकित्सक, छत्रपती संभाजीनगर

एकदा तपासणी जरूर करून घ्यावी. क्वचित प्रसंगी कापलेली टोके आपोआप जुळलेली आढळतात, आणि तसे असेल तर शस्त्रक्रियेची दिशाच बदलते. त्याखेरीज डॉक्टर हाताने वृषणांचा आकार आणि कापलेल्या टोकांमधले अंतर पाहतील. पूर्वीच्या जागी बारीक गाठ लागली तर घाबरू नये, ती बऱ्याचदा चांगली खूण असते, कारण तिच्यामुळे मागचा दाब काही अंशी हलका झालेला असतो.

तंबाखू मात्र आजच सोडावा. शुक्राणू तयार व्हायला जवळपास अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या तंबाखूचा फायदा शस्त्रक्रियेच्या वेळी दिसू शकेल. कोणी ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचे, इंजेक्शन सुचवले तर ते घेऊ नये. त्याने शुक्राणू तयार होणेच बंद पडते. तपासण्यांचे अहवाल आले की इथे लिहावे, मी पाहीन.