बैलगाडा शर्यतीचं मोबाईलवरून लाइव्ह: आरटीएमपी, एसआरटी की वेबआरटीसी? मदत हवी आहे

घाटकरी:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या यात्रेत (जुन्नर तालुका) बैलगाडा शर्यती असतात आणि लाइव्हचं काम माझ्या गळ्यात आहे. सामान साधंच, अँड्रॉइड फोन, ट्रायपॉड, सिमचं नेट, लॅरिक्स ॲप (फोनच्या कॅमेऱ्यातून लाइव्ह पाठवणारं) आणि तिथून आरटीएमपीने (व्हिडिओ वर पाठवायची जुनी पद्धत) थेट यूट्यूब. सकाळी एकदम मस्त चालतं पण दुपारी घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) गर्दी झाली की बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) जो ढेपाळतो, लावलेला असतो अडीच हजार केबीपीएस आणि जातोय तीनशे-चारशे, मग बघणाऱ्यांना नुसतं गोल चक्र आणि मुंबईवाल्यांचे फोन चालू, "अरे दिसत नाय काही".

दुसरं दुखणं उशीर. बारी (एका गाड्याची धाव) असते जेमतेम अकरा-बारा सेकंदांची, आणि यूट्यूबवर बैल सुटलेले दिसतात तोवर इकडे माईकवर सेकंद पुकारून झालेले असतात. घाटाच्या मागच्या बाजूला उभे राहून मोबाईलवर बघणारे वैतागतात.

एसआरटी ही पाठवायची दुसरी पद्धत गर्दीत टिकते असं ऐकलंय, आणि ब्राउझरमध्ये थेट दाखवणाऱ्या वेबआरटीसीला उशीरच नाही म्हणे. नक्की काय वापरू? आयफोनवाल्यांनाही दिसायला हवं.

पॅकेट_हरवलं:
तुझे प्रश्न दोन आहेत, ते आधी वेगळे कर. फोनातून वर पाठवायचं ते एक आणि लोकांच्या फोनवर दाखवायचं ते दुसरं. एसआरटी पहिल्यासाठी. यूट्यूबवर दिसणारा उशीर त्याने फारसा कमी होणार नाही.

आरटीएमपी टीसीपीवर (सगळा डेटा क्रमानेच पोचवायची पद्धत) चालतं, एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ते परत येईपर्यंत मागचे सगळे ताटकळतात, टोल नाक्यावर एक गाडी बंद पडल्यासारखं. एसआरटी यूडीपीवर (ज्यात क्रमासाठी थांबणं नाही) चालतं, हरवलेलं परत मागतं पण ठरलेल्या वेळेतच, नाही आलं तर सोडून पुढे जातं. चित्र क्षणभर फाटेल पण बारी चालू राहील. मात्र टॉवरच भरलेला असेल तर कुठलाच प्रोटोकॉल जादू करणार नाही हे लक्षात ठेव. लॅरिक्समध्ये अडॅप्टिव्ह बिटरेट (नेटप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारा) चालू कर, ७२०पी चित्राचा हट्ट सोड, ५४० वर ये. आणि घाटाशेजारच्या एखाद्या घरात फायबर असेल तर केबल ओढ बाबा, बाकी सगळी चर्चा तिथेच संपते.

घाटकरी:
फायबर आहे पण लांब आहे, मधे रस्ता आणि त्यावर यात्रेची दुकानं. एसआरटी करायचं तर यूट्यूबची स्ट्रीम की (लाइव्ह पाठवायचा गुप्त कोड) चालेल का?

पॅकेट_हरवलं:
तुझ्याकडे आहे ती की आरटीएमपीची, म्हणून मधे छोटा सर्व्हर लागेल. मुंबईतलं एखादं भाड्याचं व्हीपीएस (इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर) घे, त्यावर मीडियाएमटीएक्स (व्हिडिओ घेऊन पुढे देणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे) टाक, फोनातून एसआरटी तिथे आणि तिथून एफएफएमपेगने (व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर) आरटीएमपी करून यूट्यूबला, नुसतं कॉपी करायचं, परत एन्कोड नको. फोन कॉलर (जोडणी लावणारा), सर्व्हर लिसनर (वाट बघणारा) असंच ठेव, कारण मोबाईल नेटवर फोनला सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) नसतो. यूडीपी ८८९० पोर्ट उघडायला विसरू नको, तिथेच सगळे अडकतात. एसआरटीची लेटन्सी (हरवलेलं परत यायची वाट बघायचा वेळ) डिफॉल्ट १२० मिलिसेकंद असते, गर्दीत ती अजिबात पुरत नाही. पिंगच्या (सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या वेळेच्या) तिप्पट-चौपट म्हणतात पण तो आकडा ऐन गर्दीतल्या पिंगचा धर, सकाळच्या नाही. मी सरळ २००० लावतो.

निवांत_बफर:
उशिराबद्दल सांगतो. एचएलएस या बघणाऱ्यांपर्यंत व्हिडिओ पोचवायच्या ॲपलच्या पद्धतीत व्हिडिओचे तुकडे होतात, ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या तुकड्याची आहे आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून सुरू होतो, म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. २००९ पासून आयफोनवर हेच चालतंय, डॅश (तशीच दुसरी पद्धत) तिथे आपोआप वाजत नाही, त्यामुळे स्वतःची वेबसाइट काढलीस तरी एचएलएसच सोपं पडेल. लो लेटन्सी एचएलएस आयओएस १४ पासून आहे, त्यात दोन-पाच सेकंदांवर येता येतं.

पण आधी यूट्यूब स्टुडिओत अल्ट्रा लो लेटन्सी निवडून बघ ना, पाचेक सेकंदांवर येईल. फक्त बफर छोटा होतो, म्हणून वरून पुरवठा अडखळला की चक्र जास्त दिसेल. म्हणजे आधी एसआरटी, मग हे.

वेबआरटीसी एका सेकंदाच्या आत दाखवतं हे खरं, आणि मीडियाएमटीएक्स तेही देतं. पण प्रत्येक बघणाऱ्याला सर्व्हरकडून वेगळा प्रवाह जातो, हजार माणसं आली की व्हीपीएस झोपलं. स्टेजवरच्या स्क्रीनला आणि पंचांना त्याची लिंक दे, पब्लिकला यूट्यूब.

घाटकरी:
हे पटलं, स्टेजच्या स्क्रीनचं तर डोक्यातच नव्हतं. व्हीपीएस आजच घेतो आणि आठवडी बाजारात गर्दीच्या वेळी चालवून बघतो. एकच राहिलं, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम एकत्र जोडून पाठवायचं कमी खर्चात कुणी केलंय का? आमच्याकडे एका कंपनीचा टॉवर घाटाच्या मागे आहे, त्यावर गर्दी कमी असते पण रेंज एकच कांडी.