मदत हवी आहे: जुनी एमएम ५४० फक्त घाटात तापते, हेड उघडण्याआधी काय काय तपासू?

लालमाती

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. टर्बो नाही, एसी नाही. माझ्याकडे सेकंड हँड आलेली. आधीच्या मालकाने हौसेने पुढे जाड बंपर आणि त्यावर चार मोठे दिवे बसवलेत, ते अजून तसेच आहेत.

दुखणं असं: सपाटीला साठच्या वेगाने कितीही हाका, तापमानाचा काटा मध्याच्या खालीच. चिपळूणच्या बाजारात गर्दीत अडकलो की थोडा वर सरकतो, पण घाबरण्याइतका नाही. कुंभार्ली घाटात मात्र पायथ्याचं पोफळी गाव मागे पडल्यावर अर्धा चढ होईतो काटा लाल पट्टीला टेकतो. बाजूला घेऊन, इंजिन बंद न करता थोडा रेस देत राहिलं की काही मिनिटांत खाली येतो. पुढे निघालो की पुन्हा तेच.

पाणी बाहेर फेकत नाही. थंड झाल्यावर कॅप उघडली तर पातळी जवळपास होती तेवढीच. डिपस्टिकवर दुधाळ काही नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं नाही. धूर नेहमीचा, चढाला किंचित काळा. वॉटर पंप, फॅनबेल्ट नवीन. कूलंट आता घातलंय, आधीच्या मालकाकडे बोअरचं पाणी चालायचं.

मेस्त्रींचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट, करून घेऊ. माणूस हाताचा चांगला आहे, पण मला ते पटत नाहीये. गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं नसतं का? हेड एकदा उतरवलं की खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही. तर हेडला हात न लावता, घरच्या घरी, कुठल्या क्रमाने काय तपासावं? 'विकून टाका' हा सल्ला घरात रोज मिळतो, इथे नको.

कातळशिल्प

सोपं आहे. रेडिएटरला जास्त प्रेशरची कॅप टाका, तेरा पाउंडांची (दर चौरस इंचाला). उकळणारच नाही.

बारा_तेराचा_पाना

कातळभाऊ, अहो असलं नका सांगू. सात पाउंडांच्या कॅपने पाणी साधारण १११ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप वाढवली की उकळणं लांबतं, पण इंजिन तेवढंच तापतं, फक्त ते आपल्याला उशिरा कळतं. शिवाय जुन्या पितळी रेडिएटरच्या टाकीचे सांधे डागाचे असतात. जास्त दाब दिलात की चांगला रेडिएटरही गळायला लागेल. कॅप मूळ दाबाचीच हवी, फक्त तिचं रबर आणि स्प्रिंग धड आहे का ते बघा.

लालमाती, तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. गाडी कधी तापते त्यावरून शोधायचं. नुसती गर्दीत उभी असताना तापली तर पंखा. सपाटीला वेगात तापली तर बहुतेक पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर चोंदलेला. तुमची तापते ती जोर जास्त आणि वेग कमी असताना, म्हणजे समोरून वारा मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर येतो तेव्हा. त्यात उभी करून रेस दिल्यावर ती थंड होते. गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसत असता तर सहसा ती अशी शहाण्यासारखी खाली येत नाही, पाणी फेकते. तरी मेस्त्रींचा संशय फुकटात तपासता येतो, तर आधी तोच संपवा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना वरचा होज पाइप दाबून बघा. रात्रभरानंतरही टणक लागला तर दाब आत अडकलाय, शंका घ्या. मग कॅप काढून, पाणी काठोकाठ भरून इंजिन सुरू करा आणि तोंडाशी बघत राहा. पहिल्या मिनिटाला चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा असू शकते. पण रेस दिल्यावर एकसारखी बुडबुड्यांची माळ येत राहिली किंवा पाणी उसळलं, तर मेस्त्री बरोबर. गॅस ओळखायचं निळं टेस्ट लिक्विडही मिळतं, पाण्यावरच्या वाफेत एक्झॉस्टचा गॅस असेल तर ते हिरवं-पिवळं पडतं. गरम इंजिनची कॅप कोणीही उघडू नका, हात आणि तोंड दोन्ही भाजतं.

त्याच वेळी काटा खरं बोलतोय का तेही बघा. इंजिन गरम असताना हेडलाइट लावा. काटा टुणकन उडाला तर अर्थिंग खराब आहे, आणि अशा गाड्यांत ते असतंच. सेन्सरजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरून ताडून घ्या. चकचकीत पितळेवर तो चुकीचं दाखवतो, काळ्या रंगाच्या जागेवर धरा.

आता मुख्य काम. गाडी चांगली गरम करून रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे थर्मामीटर फिरवा. एखादा पट्टा अचानक थंड लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बंद आहेत. बोअरच्या पाण्याने हेच होतं, आणि नुसतं कूलंट घालून जुना क्षार निघत नाही. खालचा होज वरच्यापेक्षा खूपच थंड असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरतंय, पण हवा उष्णता नेत नाही. हा एक फरक कळला की निम्मा अंदाज संपला.

आणि हो, पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे पंख्याला वेढून रेडिएटरला जोडलेलं कडं, आहे का? त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत.

सह्याद्रीचा_चालक

थोडी भर. घाटात कुठल्या गिअरला चढवता? तिसऱ्यात ओढत नेली तर इंजिन दमतं आणि पंखा, पंप दोन्ही सावकाश फिरतात, कारण दोन्ही इंजिनवरच चालतात. दुसऱ्यात, जरा वरच्या आरपीएमला चढवून बघा. डांबरावर फोर बाय फोर लावून चढवत नाही ना? ब्रेक धरून राहतात का, तेही बघा. सपाटीला चालवून आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेला की कळतं.

ते चार दिवे मात्र आजच काढा राव. रेडिएटरच्या तोंडावर ताटं लावून वारा कसा मिळणार?

लालमाती

सगळ्यांचे आभार. दुसऱ्यातच चढवतो, फोर बाय फोर नाही, ड्रम सारखेच कोमट.

होज सकाळी मऊ. कॅप उघडी ठेवून रेस दिला, सुरुवातीचे बुडबुडे सोडले तर काही नाही. हेडलाइटने काटा हलत नाही आणि थर्मामीटरशी बऱ्यापैकी जुळतो. म्हणजे काटा खोटा नाही.

रेडिएटर मात्र बोलला. खालचा उजवा कोपरा, पसरलेल्या पंजापेक्षा मोठा, बाकीपेक्षा सरळ सरळ थंड. आणि श्राउड नाहीच! चार बोल्टांची भोकं तेवढी आहेत. वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरून रेस दिला, तर मध्ये चिकटला आणि कोपऱ्यांत खाली पडला.

अजून एक. थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) हाउसिंग उघडलं तर आत काहीच नाही, रिकामं. मेस्त्री म्हणाले, आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढलेलाच बरा. खरं आहे का? रेडिएटरवाला रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करू म्हणतोय. रॉडिंग की नवीन कोअर (नळ्या आणि जाळीचा मधला भाग)?

बारा_तेराचा_पाना

कागदाने श्राउडचा निकाल दिलाच आहे. श्राउडशिवाय पंखा स्वतःच्या घेरातलीच हवा ओढतो, कोपऱ्यांतून नाही, आणि पात्यांच्या टोकांशी गरम हवा उलटी पुढे येते. सपाटीला गाडीचा वारा ते भरून काढतो, घाटात कोण काढणार? जुनं श्राउड मिळालं तर उत्तम, नाहीतर पत्र्याचं करून घ्या. पात्यांची साधारण अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर बसली पाहिजे. इंजिन रबरावर हलतं, तेव्हा भोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. पंखा खोलला असेल तर उलटा बसवलेला नाही ना, तेही बघून घ्या. असं झालेलं मी पाहिलंय.

थर्मोस्टॅटबद्दल मेस्त्रींशी मी सहमत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना खालच्या दुसऱ्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परततो. म्हणजे थंड राहावी म्हणून काढलेली वस्तूच चढावर गाडी तापवते. हाउसिंगमध्ये खाली बायपासचं भोक दिसतंय का बघा. दिसत असेल तर दोन चकत्यांचा, मूळ मापाचाच थर्मोस्टॅट घ्या. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात तारेने टांगून गॅसवर ठेवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, बहुधा ८२ अंशांना, उघडायला लागला पाहिजे.

रॉडिंगचं असं की आधी जाळीचे पापुद्रे, म्हणजे नळ्यांमधले पातळ पत्रे, नखाने दाबून बघा. चुरा होऊन गळत असतील तर नळ्या आतून कितीही साफ करा, पापुद्र्यांची नळीवरची पकड सुटलेली आहे, उष्णता बाहेर जाणार नाही. मग नवीन कोअरच. पापुद्रे धड असतील तर टाकी उघडून नीट रॉडिंग करून घ्या. समोर उभे राहा आणि किती नळ्यांतून सळई आरपार जाते ते डोळ्यांनी बघा. चार नळ्या डागून बंद करून देणारेही भेटतात.

चढाला धूर किंचित काळा म्हणालात. डिझेल पंप जास्त सोडत असेल तर उष्णताही जास्त होते, पण त्याकडे शेवटी वळा. आधी श्राउड, रेडिएटर, थर्मोस्टॅट.

लालमाती

पापुद्रे डाव्या बाजूला धड, उजवीकडे खाली हात लावला तर पावडर. म्हणजे कोअर. दिवे काल उतरवले, घरच्यांना गाडी पहिल्यांदा बरी दिसली म्हणे.

श्राउड पत्र्याचं करायला टाकलंय. भरताना हवा राहू नये म्हणून काही खबरदारी?

सह्याद्रीचा_चालक

तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे कॅप सगळ्यात वर येईल. हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, जास्त दाट नको. ग्लायकॉलपेक्षा पाणीच उष्णता चांगली नेतं. हळूहळू ओता आणि कॅप उघडी ठेवूनच, थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाईल, तेवढं भरा आणि कॅप लावा. थर्मोस्टॅटला बारीक भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पातळी बघा आणि मगच पोफळीकडे वळा.