'मोस्ट युनिक': चूक कोणाची?

दादरकर: अंधेरीला हायवेवर होर्डिंग बघितलं, 'मोस्ट युनिक होम्स'. अरे, युनिक म्हणजे एकमेव. त्यात 'मोस्ट' काय नि 'व्हेरी' काय? मराठी मीडियमवाल्यांकडून इंग्रजी जाहिराती लिहून घेतल्या की हे असंच होणार.

गिरगावची: शेवटचं वाक्य डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहिते. इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 मध्ये याच वापरावर झोड उठवली होती. म्हणजे तेव्हाचे इंग्रजच तसं लिहीत होते. ते कुठल्या मराठी मीडियममध्ये शिकले होते? अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत पहिल्याच वाक्यात 'मोर परफेक्ट युनियन' आहे. परफेक्टमध्ये कमी-जास्त चालतं, मग युनिकवरच राग का?

ठाण्याचे मास्तर: युनिकचा 'खास, वेगळा' हा अर्थ आता डिक्शनऱ्यांत आहे, ते नाकारत नाही. पण दहावीच्या पोरांना मी 'व्हेरी युनिक' लिहू देणार नाही. 'ऑलमोस्ट युनिक' लिहा, त्याला अर्थ आहे. आणि 'ॲन युनिक' लिहिणं आधी थांबवा! उच्चार 'यु'ने सुरू होतो, तिथे 'अ'च लागतो. दर वर्षी तेच सांगतोय.

लालबागकर: मराठीत तरी काय वेगळं आहे? 'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यांत चांगला. तरी सत्काराच्या प्रत्येक बॅनरवर 'सर्वश्रेष्ठ'. 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ'चंही तेच. 'ज्येष्ठतम' वाचलं की तिडीक जाते.

गिरगावची: शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे. आता बोला.

लालबागकर: वेदात आहे म्हणून बॅनरवाल्याला माफी नाही. त्याने वेद वाचून छापलेलं नाही.

दादरकर: विषय इंग्रजीचा होता. वेद कुठून आले?

परळची: विषय तुम्हीच मीडियमवर नेलात. नरिमन पॉइंटला इंटरव्ह्यूत माझ्या शाळेचं नाव वाचून साहेबांनी फाइल मिटली नि विचारलं, 'ड्राफ्टिंग जमेल ना?' आधीच्या नोकरीत ऑफिसची सगळी इंग्रजी पत्रं मीच लिहायचे. त्या फाइलमध्ये नमुने लावलेले होते, एकही पान उलटलं नाही. तुमचं वाक्य वाचून तोच माणूस आठवला.

दादरकर: ठीक आहे, मीडियमचं वाक्य मागे घेतो. पण 'मोस्ट युनिक' चूकच, फाउलर माझ्याच बाजूचा आहे.

गिरगावची: फाउलर ठेवा तुमच्याकडे. मागे घेतलंत तर पोस्ट एडिट करा, ते वाक्य अजून तसंच दिसतंय.