लाटेकमध्ये मथळे हातानं सजवू नका

परभणीकर: परवा एका मित्रानं लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात कमांड लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, केलेला मराठी प्रबंध उघडला. प्रत्येक मथळ्याला ठळक करणारं टेक्स्टबीएफ, वर अक्षर मोठं करणारं लार्ज, खाली मोकळी जागा सोडणारं व्हीस्पेस. अनुक्रमणिका कोरी. 'पैठण डाव्या कालव्यावरील पीकरचना' हा मथळा पानाच्या तळाशी एकटा आणि मजकूर पुढच्या पानावर! सेक्शन कमांड दिली असती तर क्रमांक, अनुक्रमणिकेतली नोंद, मथळा मजकुराला धरून ठेवणं, सगळं आपोआप झालं असतं. रूप बदलायचंय तर टायटलसेक पॅकेज (तयार जोड) घ्या आणि प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे फाइलीत मजकुराच्या आधीच्या भागात, एकदाच लिहा. मजकूर लिहिताना दिसण्याचा विचार करायचाच नाही.

लातूरवाला: नाही पटलं. सबमिशन तोंडावर आलंय, सर म्हणायलेत मथळा मधोमध घ्या, सोळा पॉइंट करा. टायटलसेकच्या टायटलफॉरमॅट कमांडला पाच कंस भरायचे, वर दोन ऐच्छिक. ते पोरानं कधी शिकायचं? हातानं केलं की लगेच दिसतं.

परभणीकर: आणि उद्या सरांनी सोळाचे अठरा केले तर? सगळी प्रकरणं चाळत बसणार? टायटलफॉरमॅटचं तारांकित (नावापुढं * लावलेलं) रूप वापरा की. दोनच कंस लागतात: एकात सेक्शन, दुसऱ्यात आकार, ठळकपणा आणि सेंटरिंग. संपलं.

जालन्याची अक्षरजुळणीवाली: दोघंही देवनागरी विसरलात. १२ पॉइंटच्या आर्टिकल क्लासमध्ये (लाटेकच्या तयार साच्यात) सेक्शनचा मथळा १७.२८ पॉइंटचा आणि ओळींतलं अंतर २२. इंग्रजीला ते भागतं. मराठी मथळा दोन ओळींचा झाला की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला टेकतो. मी फाँटसाइझ कमांडमध्ये अक्षराला १७ आणि ओळींच्या अंतराला २८ देते, मग अक्षरं मोकळी होतात. फाँटला ठळक रूप आहे का तेही आधी बघा. नसेल तर झीलाटेक (देवनागरी फाँट थेट वापरू देणारं लाटेकचं रूप) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, इशारा देऊन साधंच रूप छापतं. आणि परभणीकर, दिसण्याचा विचारच नको हे मला मान्य नाही. मथळा कुठं तोडायचा हे अर्थावरून ठरतं, ते माणसानंच ठरवायला हवं. फक्त तोड दिली की चौकटी कंसात अखंड मथळाही द्या, नाहीतर अनुक्रमणिकेतही ओळ तिथंच तुटते.

परभणीकर: तोडीचं कबूल. पण ती सेक्शनच्या आतच द्यायची, व्हीस्पेस टाकून नाही.

लातूरवाला: तारांकित रूप पोरांना दाखवतो. पण माझं म्हणणं तेच आहे: विद्यापीठानं मराठीसाठी तयार क्लास फाइल द्यावी, मथळ्यांसकट. ती हातात नसताना अंतिम तारखेला हातानं ठळक करणाऱ्याला मी दोष देणार नाही.